कोरा नमुना कोराच राहावा म्हणून

कार्यालयातील सामाईक एक्सेल नमुने कसे जतन करावेत आणि सर्वांपर्यंत कसे पोहोचवावेत, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. ज्यांचे प्रश्न सारखेच होते, त्यांना एकत्र उत्तर दिले आहे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत सात संगणक एकमेकांना जोडलेले आहेत. कर्ज मंजूर झाले की हप्त्यांचे वेळापत्रक काढण्यासाठी व्यवस्थापकांच्या संगणकावरील सामाईक फोल्डरात एक एक्सेल फाइल ठेवली आहे. ती उघडून सभासदाचे नाव, रक्कम, व्याजदर आणि मुदत भरायची आणि छापायची, एवढेच काम असते. परंतु कोणी ना कोणी भरलेली फाइल तशीच सेव्ह करतो आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या नमुन्याऐवजी कालच्याच सभासदाची माहिती समोर येते. एकदा तर हप्त्याचे सूत्र असलेल्या चौकटीत कोणीतरी आकडा टाईप केला आणि पंधरवडाभर ते कोणाच्या लक्षातही आले नाही. यावर कायमचा उपाय काय?
— लेखापाल, नागरी सहकारी पतसंस्था, इचलकरंजी

उत्तर : आपण जिला नमुना म्हणता ती एक्सेलच्या दृष्टीने साधी फाइल आहे, आणि साधी फाइल उघडून सेव्ह केली की तिच्यावरच लिहिले जाणार, हे उघड आहे. एक्सेलमध्ये नमुन्यासाठी वेगळा फाइलप्रकार असतो. फाइल मेनूतील ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये जाऊन ‘सेव्ह अ‍ॅज टाइप’ या चौकटीत ‘एक्सेल टेम्प्लेट’ निवडावे, म्हणजे फाइलच्या नावामागे एक्सएलएसएक्सऐवजी एक्सएलटीएक्स हे शेपूट लागते. अशा फाइलवर डबल क्लिक केल्यास मूळ नमुना उघडत नाही, तर त्याची एक बेनाव प्रत उघडते. नमुन्याचे नाव ‘हप्ते’ असेल तर वरच्या पट्टीवर ‘हप्ते१’ असे दिसते आणि सेव्ह करताना एक्सेल नाव आणि जागा विचारतो. मूळ फाइल जागच्या जागी कोरी राहते.

येथे पुष्कळ जण एका ठिकाणी अडतात. ‘एक्सेल टेम्प्लेट’ हा प्रकार निवडताच एक्सेल स्वतःहून आपल्या डॉक्युमेंट्समधील ‘कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स’ या फोल्डराकडे वळतो. आपण सामाईक फोल्डर उघडून ठेवलेला असला तरी प्रकार बदलल्याबरोबर जागाही बदलते, आणि लक्ष नसेल तर नमुना आपल्याच संगणकावर जाऊन पडतो. म्हणून आधी प्रकार निवडावा, नंतर जागा निवडावी आणि शेवटी सेव्हचे बटण दाबावे.

एवढे करूनही मूळ नमुना पूर्ण सुरक्षित होत नाही. राइट क्लिक करून ‘ओपन’ म्हटले, किंवा एक्सेलच्या आतून फाइल मेनूतील ‘ओपन’ने तीच फाइल उघडली, तर प्रत न उघडता मूळ नमुनाच उघडतो. हे मुद्दाम ठेवलेले आहे, कारण नमुन्यात दुरुस्ती करणाऱ्याला आत जाण्याचा रस्ता हवाच. तो रस्ता इतरांसाठी बंद करायचा असेल तर फोल्डरावरील परवानग्यांकडे वळावे लागते. सामाईक संगणकावर दोन वेगळे फोल्डर करावेत. ‘कोरे नमुने’ या फोल्डरात सर्वांना केवळ वाचण्याची परवानगी असावी आणि लिहिण्याची परवानगी एकाच व्यक्तीला असावी. ‘भरलेली वेळापत्रके’ या फोल्डरात सर्वांना लिहिता यावे. विंडोजमध्ये परवानग्या दोन ठिकाणी असतात : एक फोल्डर शेअर करतानाची, दुसरी ‘सिक्युरिटी’ या पानावरची. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात आणि दोहोंपैकी जी अधिक कडक असेल तीच चालते. परंतु जो प्रत्यक्ष त्याच संगणकापुढे बसून काम करतो, त्याला शेअरची परवानगी लागूच होत नाही. आपल्याकडे तो संगणक व्यवस्थापकांचा आहे, आणि त्यांच्या गैरहजेरीत त्यावर कोण बसते हे आपणच जाणता. तेव्हा ‘सिक्युरिटी’च्या पानावरही बंधन घालावेच.

सूत्रावर आकडा टाईप होण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर नमुन्याच्या आतच आहे. एक्सेलमधील प्रत्येक चौकट मुळात ‘लॉक्ड’ असते, मात्र शीटला संरक्षण दिल्याशिवाय ते कुलूप लागत नाही. आपल्या नमुन्यात ज्या चार चौकटी भरायच्या आहेत तेवढ्याच निवडून ‘फॉरमॅट सेल्स’मधील ‘प्रोटेक्शन’ या पानावर ‘लॉक्ड’ची खूण काढावी, त्यांना फिकट पिवळा रंग द्यावा आणि मग ‘रिव्ह्यू’मधून ‘प्रोटेक्ट शीट’ करावे. आता टॅब दाबला की कर्सर त्या चारच चौकटींतून फिरेल आणि सूत्राच्या चौकटीत कोणी टाईप करू लागल्यास एक्सेल अडवेल. व्याजदराच्या चौकटीला ‘डेटा व्हॅलिडेशन’ लावून संस्थेच्या किमान व कमाल दराच्या बाहेरचा आकडा नाकारता येतो. शीटचा पासवर्ड हा हातून चूक होऊ नये यासाठी असतो, गुप्ततेसाठी नव्हे. तो काढून टाकणे कठीण नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर सभासदांची खासगी माहिती ठेवू नये.

शेवटची गोष्ट म्हणजे जुनी, भरलेली फाइलच साफ करून नमुना बनवला असेल तर तिच्यात काय उरले आहे ते पाहावे. लपवलेली शीट, टिप्पण्या, आधीच्या लेखकाचे नाव यांचा तपास ‘फाइल’, ‘इन्फो’मधील ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ करतो. पिव्हट टेबल, म्हणजे लांब यादीचा गोषवारा काढणारा तक्ता, असेल तर अधिक जपावे. ज्या यादीवरून ते बनवले ती यादी पुसली तरी तिची एक प्रत पिव्हटच्या पोटात शिल्लक राहू शकते, आणि कोरा म्हणून वाटलेल्या नमुन्याबरोबर दीडदोनशे सभासदांची बाकी संस्थेभर फिरते. अशा वेळी पिव्हट काढून टाकून नव्याने बनवणे उत्तम.

प्रश्न : आम्ही नमुने रीतसर टेम्प्लेट म्हणून नेटवर्कवर ठेवले आहेत. तरीही एक्सेलमध्ये ‘न्यू’ म्हटल्यावर मायक्रोसॉफ्टचेच रंगीबेरंगी नमुने दिसतात, आमचे दिसत नाहीत. प्रत्येक वेळी फोल्डर शोधत जावे लागते, म्हणून लोक कंटाळून डेस्कटॉपवर प्रती करून ठेवतात.
— अभियांत्रिकी सल्लागार कार्यालय, पुणे

उत्तर : एक्सेलच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘सेव्ह’ या पानावर ‘डीफॉल्ट पर्सनल टेम्प्लेट्स लोकेशन’ अशी चौकट आहे. तेथे सामाईक फोल्डराचा पत्ता दिला की ‘न्यू’च्या पडद्यावर ‘पर्सनल’ या शीर्षकाखाली आपले नमुने दिसू लागतात, आणि फोल्डरात उपफोल्डर असतील तर तेही दिसतात. बहुतेक ठिकाणी हाच उपाय सांगितला जातो. त्यात एक अडचण आहे. ही जागा प्रत्येकाच्या स्वतःच्या नमुन्यांसाठी असते. ती नेटवर्कवर वळवली की एखाद्याला केवळ आपल्यापुरता नमुना जतन करायचा झाला तरी एक्सेल त्याला सामाईक फोल्डराकडेच नेतो आणि तेथे लिहिण्याची परवानगी नसल्यामुळे नकार देतो.

याहून चांगली सोय ऑफिसमध्ये आहे, पण ती एक्सेलच्या पडद्यावर कोठेच सापडत नाही. वर्डमध्ये जावे लागते. वर्डच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या पानाच्या अगदी तळाशी ‘फाइल लोकेशन्स’ हे बटण आहे. त्यातील ‘वर्कग्रुप टेम्प्लेट्स’ या ओळीत सामाईक फोल्डराचा पत्ता द्यावा. ही नोंद वर्डमधून केली तरी ती एक्सेल आणि पॉवरपॉइंटलाही लागू होते, आणि प्रत्येकाचा वैयक्तिक फोल्डर त्याच्याकडेच राहतो. एक्सेल बंद करून पुन्हा उघडल्यावर नमुने दिसू लागतात.

पत्ता देताना ‘झेड ड्राइव्ह’ अशा अक्षरावर विसंबू नये. एकाच्या संगणकावर झेड असलेला ड्राइव्ह दुसऱ्याच्या संगणकावर वाय असतो आणि तिसऱ्याकडे त्या अक्षराला पेन ड्राइव्ह लागलेला असतो. पूर्ण पत्ता द्यावा : दोन उलट्या तिरप्या रेघा, मग त्या संगणकाचे नाव, पुन्हा एक तशीच रेघ आणि फोल्डरचे नाव.

काही जण नमुने ‘एक्सएलस्टार्ट’ या फोल्डरात टाकण्याचा सल्ला देतात. त्या फोल्डरात असलेली प्रत्येक फाइल एक्सेल सुरू होताच उघडते. सकाळी एक्सेल उघडल्यावर चौदा खिडक्या समोर याव्यात अशी कोणाची इच्छा नसेल, तर तो फोल्डर या कामासाठी वापरू नये.

डेस्कटॉपवरील प्रतींबद्दल एक कारण तपासून पाहावे. नेटवर्कवरील फाइल माऊसने ओढून डेस्कटॉपवर सोडली की विंडोज तिची प्रत करतो. सोडणाऱ्याला वाटते की आपण शॉर्टकट केला. उजवे बटण दाबून ओढले तर सोडताना विंडोज पर्याय विचारतो; त्यातून ‘क्रिएट शॉर्टकट्स हिअर’ निवडावे. माझ्या मते लहान कार्यालयात ‘न्यू’चा पडदा सजवत बसण्यापेक्षा प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर नमुन्यांच्या फोल्डराचा असा एक शॉर्टकट देणे पुरेसे होते.

प्रश्न : २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा मी आमच्या बिलाच्या नमुन्यात नवे दर घालून तो नेटवर्कवर पुन्हा सेव्ह केला. तरीही अनेक दिवस काही बिले जुन्या दराने निघत राहिली. नमुना बदलल्यावर त्यावरून बनलेल्या फाइली आपोआप का बदलत नाहीत? दुसरे असे, की एका जुन्या बिलाची माहिती नव्या नमुन्यात भरून प्रत पुन्हा छापली तर त्यावर आजची तारीख आली आणि करही नव्या दराने लागला.
— घाऊक किराणा व बांधकाम साहित्य विक्रेते, नाशिक

उत्तर : एक्सेलमध्ये नमुन्यावरून प्रत निघाली की नमुन्याशी तिचा संबंध संपतो. नंतर नमुन्यात काहीही बदलले तरी आधी निघालेल्या प्रतींना त्याचा पत्ता लागत नाही, आणि बिलांच्या बाबतीत ते योग्यच आहे. ऑगस्टमध्ये दिलेल्या बिलाचा कर सप्टेंबरअखेर आपोआप बदलला असता तर विवरणपत्राचे काय झाले असते? तेव्हा प्रती बदलल्या नाहीत ही तक्रार सोडून द्यावी. खरा प्रश्न हा की नवी बिले जुन्या दराने कोठून आली. त्याचे उत्तर बहुतेक कार्यालयांत एकच मिळते : नमुना कोणी उघडतच नाही. त्याच ग्राहकाचे मागचे बिल उघडायचे, तारीख आणि नग बदलायचे आणि नव्या नावाने सेव्ह करायचे, हीच सगळ्यांच्या हाताला लागलेली सवय असते, कारण त्यात ग्राहकाचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक पुन्हा टाईप करावा लागत नाही. ही सवय ओरडून मोडत नाही. नमुन्यातच ग्राहकांची यादी ठेवून नाव निवडल्याबरोबर पत्ता आणि क्रमांक आपोआप येतील अशी सोय केली, तर मागचे बिल उघडण्याचे कारणच उरत नाही.

दराविषयी थोडे विस्ताराने लिहितो. आपल्या नमुन्यात कराचा दर बहुधा थेट सूत्रातच लिहिलेला असावा, म्हणजे किमतीला १२ टक्क्यांनी गुणणारे सूत्र. दर बदलला की असे प्रत्येक सूत्र शोधून बदलावे लागते आणि एखादे राहून जाते. त्याऐवजी नमुन्यात ‘दर’ नावाचे वेगळे शीट करावे. त्यात पहिल्या रकान्यात दर लागू झाल्याची तारीख आणि पुढे प्रत्येक वस्तुगटासाठी एक रकाना ठेवावा. उदाहरणार्थ, पहिली ओळ १ जुलै २०१७ ची : तुपाला १२, सिमेंटला २८. दुसरी ओळ २२ सप्टेंबर २०२५ ची : तुपाला ५, सिमेंटला १८. ज्या गटाचा दर मधल्या काळात बदलला असेल त्यासाठी त्या तारखेची ओळ वाढवावी. तारखा चढत्या क्रमाने ठेवल्या की ‘मॅच’ हे सूत्र, त्याचा शेवटचा घटक १ देऊन, बिलाच्या तारखेला लागू असलेली ओळ शोधून देते आणि ‘इंडेक्स’ त्या ओळीतील दर उचलतो. पुढे कधी दर बदलले तर एक ओळ वाढवली की झाले. एकाही सूत्राला हात लावावा लागणार नाही, आणि २०२४ मधील बिलाची प्रत पुन्हा काढली तरी तीवर २०२४ चाच दर येईल.

आता तारखेचे. आपल्या बिलात तारखेच्या चौकटीत ‘टुडे’ हे सूत्र असणार. ते सूत्र फाइल जेव्हा उघडाल तेव्हाची तारीख दाखवते, बिल केले तेव्हाची नव्हे. व्हाउचर, पावती, बिल अशा कोणत्याही नमुन्यात ते असू नये. त्या चौकटीत कंट्रोल आणि अर्धविराम ही दोन बटणे एकत्र दाबली की त्या दिवसाची तारीख पक्की लिहिली जाते आणि पुढे बदलत नाही. दर बदलाच्या सुमाराला माल एका तारखेला गेला, बिल दुसऱ्या तारखेला झाले आणि रक्कम तिसऱ्या तारखेला आली, तर कोणता दर लावायचा हे केवळ बिलाच्या तारखेवरून ठरत नाही. अशी मोजकी बिले करसल्लागारांना विचारून हाताने करावीत.

सगळे दर नेटवर्कवरील एकाच फाइलमध्ये ठेवून प्रत्येक बिल तिला लिंकने जोडावे, अशी एक कल्पना काही वाचकांनी कळवली आहे. मी तिच्या विरुद्ध आहे. ग्राहकाला ई-मेलने गेलेल्या बिलातील लिंक त्याच्याकडे उघडत नाही, आणि फोल्डरचे नाव बदलले की घरच्या लिंकाही तुटतात.

नमुना बदलला हे सर्वांना कळावे म्हणून पानाच्या तळटीपेत ‘नमुना दिनांक २२-०९-२०२५’ अशी ओळ छापली जाईल असे करावे. छापील बिल हातात आले की ते कोणत्या नमुन्यावर झाले हे एका नजरेत दिसते. जुना नमुना मात्र त्याच फोल्डरात ‘जुना’, ‘नवा’, ‘नवा अंतिम’ अशा नावांनी ठेवू नये. तो वेगळ्या फोल्डरात, इतरांना दिसणार नाही अशा ठिकाणी हलवावा आणि चालू नमुन्याचे नाव कायम एकच ठेवावे, म्हणजे शॉर्टकट मोडत नाहीत.

प्रश्न : मुख्य कार्यालयाकडून आलेला खर्चाचा नमुना आमच्या एका संगणकावर नीट दिसतो, तर दुसऱ्यावर मराठी मथळ्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. शिवाय एके ठिकाणी रकमेत लाखाचे स्वल्पविराम येतात आणि दुसरीकडे मिलियनचे. नमुना एकच असताना असे का होते?
— शिक्षणसंस्थेचे कार्यालय, लातूर

उत्तर : दोन्ही दोष नमुन्याच्या बाहेरचे आहेत, म्हणून ते नमुना पुन्हा पाठवून जात नाहीत.

मथळे श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाईप केलेले असावेत. त्या पद्धतीत फाइलमध्ये खरोखर रोमन अक्षरेच साठवलेली असतात आणि फाँट त्यांना मराठीचा वेष चढवतो. तो फाँट नसलेल्या संगणकावर वेष उतरतो. वर्ड आणि पॉवरपॉइंट यांत फाइलबरोबर फाँट पाठवण्याची सोय आहे, एक्सेलमध्ये ती नाही. तेव्हा नमुना युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरे मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, नव्याने करणे हाच मार्ग आहे. फाँट ‘निर्मला यूआय’ घ्यावा, कारण विंडोज ८ पासून तो प्रत्येक संगणकावर असतोच. ‘मंगल’ विंडोज १० पासून काही संगणकांवर वेगळा बसवावा लागतो. जुना मजकूर रूपांतरकातून काढला तर पहिली वेलांटी आणि रफार असलेले शब्द डोळ्यांखालून घालावेत. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, त्यामुळे ‘शिक्षक’, ‘वार्षिक’, ‘निधी’ अशा शब्दांतच चुका राहतात. नवा फाँट थोडा उंच बसतो, तेव्हा ओळींची उंची वाढवावी, नाहीतर छपाईत उकार कापले जातात.

स्वल्पविरामांचे कारण विंडोजच्या ‘रीजन’ या सेटिंगमध्ये आहे. एक्सेल रकमेचे गट त्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणे पाडतो. तेथे ‘इंग्लिश (इंडिया)’ किंवा ‘मराठी’ निवडले की १२,३४,५६७ असे दिसेल. नमुन्यातच खास फॉरमॅट लिहून लाखाचे गट पाडता येतात, परंतु त्यात उणे रकमा बिघडतात. मी तो वापरत नाही.

हे सेटिंग केवळ दिसण्यापुरते नाही. अमेरिकी पद्धतीवर असलेल्या संगणकावर कोणी ०५/०४/२०२६ टाईप केले, तर एक्सेल ते ५ एप्रिल न समजता ४ मे समजतो. दोन्ही तारखा एकाच आर्थिक वर्षात बसत असल्यामुळे १ एप्रिल ते ३१ मार्च अशी मर्यादा घातली तरी ही चूक पकडली जात नाही. २५/०४/२०२६ मात्र त्याला तारीख वाटतच नाही, कारण पंचविसावा महिना नसतो, आणि ते अक्षर म्हणून चौकटीच्या डाव्या कडेला जाऊन बसते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, तर उजवीकडच्या तारखांवर आधी संशय घ्यावा.

प्रश्न : व्हाउचरचा क्रमांक आपोआप एकाने वाढावा म्हणून एका ओळखीच्यांनी नमुन्यात मॅक्रो, म्हणजे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, घालून दिला. तो माझ्या संगणकावर चालतो; नेटवर्कवरून उघडल्यास लाल पट्टी येऊन मॅक्रो रोखला जातो. आणि दोन टेबलांवर एकच क्रमांक दोनदा आला.
— धर्मादाय संस्थेचे कार्यालय, कोल्हापूर

उत्तर : इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो रोखण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून लागू केले. आपली फाइल इंटरनेटवरची नाही हे खरे, पण सामाईक फोल्डराचा पत्ता आकड्यांत, म्हणजे आयपी क्रमांकाने दिला असेल तर विंडोज तिला इंटरनेटवरचीच धरतो. संगणकाच्या साध्या नावाने पत्ता देऊन पाहावा. त्याने न भागल्यास ‘ट्रस्ट सेंटर’मध्ये तो फोल्डर विश्वासार्ह जागा म्हणून नोंदवता येतो आणि त्यासाठी नेटवर्कवरील जागांना मुभा देणारी खूण करावी लागते. मायक्रोसॉफ्ट ती खूण करू नये असे सुचवते. त्या फोल्डरात एका व्यक्तीशिवाय कोणालाही लिहिता येत नसेल, तरच मी ती करण्यास सांगेन. नमुना ‘मॅक्रो-एनेबल्ड टेम्प्लेट’ या प्रकारात जतन केलेला असावा, कारण साध्या टेम्प्लेटमध्ये मॅक्रो टिकत नाही.

क्रमांक दोनदा येण्यावर मात्र मॅक्रोत उपाय शोधू नये. दोघांनी एकाच क्षणी नमुना उघडला तर दोघांनाही तोच पुढचा क्रमांक मिळतो, आणि कोणी व्हाउचर उघडून न भरता बंद केले तर क्रमांक वाया जाऊन मालिकेत खळगा पडतो, ज्याचे उत्तर लेखापरीक्षकाला द्यावे लागते. व्हाउचरचे क्रमांक देण्यासाठी साधी नोंदवही, कागदाची किंवा एक्सेलची, एकाच व्यक्तीकडे ठेवावी. दिवसाला वीस-तीस व्हाउचर होणाऱ्या कार्यालयात हे कोणत्याही मॅक्रोपेक्षा भरवशाचे ठरते. त्याहून अधिक होत असतील, तर लेखा सॉफ्टवेअर घेण्याची वेळ आली आहे.

प्रश्न : महिन्याचा हजेरीपट तीन विभागांचे लिपिक एकाच वेळी भरू शकतील का? दुसऱ्याने उघडला की ‘रीड ओन्ली’ येते.
— औषधनिर्मिती कारखाना, तारापूर

उत्तर : साध्या नेटवर्क फोल्डरात नाही. एकाच फाइलवर अनेकांनी एकाच वेळी लिहिण्याची एक्सेलची आजची सोय फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या साठवण सेवांवर असेल तरच चालते. जुनी ‘शेअर्ड वर्कबुक’ ही सोय अजून कोपऱ्यात सापडते, पण तिच्यात दोघांनी एकच चौकट बदलली की कोणाची नोंद ठेवायची हा वाद शेवटच्या सेव्हला उभा राहतो. एकाच नमुन्यावरून तीन विभागांचे तीन हजेरीपट काढावेत आणि महिनाअखेरीस आस्थापना विभागाने ते एकत्र करावेत. रकाने तिन्हींत हुबेहूब असतील, तर एक्सेलमधील ‘पॉवर क्वेरी’ ही सोय एका फोल्डरातील सगळ्या फाइली आपोआप एकाखाली एक जोडून देते.

प्रश्न : आमच्या वाचनालयात एक्सेल नाही, लिब्रेऑफिस आहे. वर्गणीच्या पावतीचा नमुना चार संगणकांवर असाच ठेवता येईल का?
— सार्वजनिक वाचनालय, म्हापसा, गोवा

उत्तर : येईल, आणि ते एक्सेलपेक्षा सरळ आहे. ‘फाइल’ मेनूतील ‘टेम्प्लेट्स’मधून ‘सेव्ह अ‍ॅज टेम्प्लेट’ केल्यास नमुना आपल्या संगणकापुरता राहतो. सामाईक ठेवण्यासाठी ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये ओटीएस हा प्रकार निवडून तो नेटवर्कच्या फोल्डरात जतन करावा आणि चारही संगणकांवर ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लिब्रेऑफिस’, ‘पाथ्स’ या क्रमाने जाऊन ‘टेम्प्लेट्स’च्या ओळीत त्या फोल्डराचा पत्ता वाढवावा. आधीचा पत्ता पुसू नये, नवा जोडावा. भरलेल्या पावत्या एक्सेल वापरणाऱ्या लेखापरीक्षकांना पाठवायच्या असतील, तर ‘लोड/सेव्ह’च्या ‘जनरल’ पानावर स्प्रेडशीटसाठी नेहमीचा प्रकार एक्सएलएसएक्स ठरवून ठेवावा.

प्रश्न : नवा विंडोज ११ चा संगणक घेतला आणि तेवढ्यावरच सामाईक फोल्डर उघडेना. बाकी सगळ्यांवर उघडतो. विक्रेता म्हणतो, सुरक्षेची काही सेटिंग्ज बंद करावी लागतील.
— वास्तुविशारद, ठाणे

उत्तर : विक्रेत्याचे ऐकू नये. आपला सामाईक फोल्डर बहुधा विनापासवर्ड, म्हणजे ‘पाहुणा’ म्हणून उघडत असावा. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ या आवृत्तीपासून असा पाहुणा म्हणून प्रवेश मुळातच नाकारला जातो. ज्या संगणकावर फोल्डर आहे त्यावर कार्यालयासाठी एक वापरकर्ता पासवर्डसह तयार करावा, फोल्डराची परवानगी त्याला द्यावी आणि नव्या संगणकावरून तेच नाव आणि पासवर्ड देऊन लक्षात ठेवण्याची खूण करावी. बाकीच्या संगणकांवरही आजच तसे करून घ्यावे, कारण त्यांचेही अपडेट कधी ना कधी होणार आहे.

त्याच वेळी त्या यजमान संगणकाची झोपी जाण्याची सेटिंग बंद करावी. तो झोपला की फोल्डर सर्वांसाठीच नाहीसा होतो. विंडोज १० आणि ११ च्या परवान्यानुसार अशा साध्या संगणकाला एका वेळी २० पर्यंत उपकरणे जोडता येतात. कार्यालय त्यापुढे वाढणार असेल तर वेगळ्या सर्व्हरची किंवा नेटवर्कवर बसणाऱ्या साठवण पेटीची सोय करावी, आणि नमुन्यांच्या फोल्डराची एक प्रत दर महिन्याला बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवण्याचे काम नाव घालून एकाकडे सोपवावे.